दोन उधाणं

मी दोन बाटल्या सहाव्या दिवशी फेकून दिल्या. त्या अठ्ठावीस दिवस ठेवायच्या होत्या.

घडलं ते एवढंच. तुम्ही म्हणाल, दोन बाटल्यांचं काय एवढं. मीही त्या दिवशी असंच म्हटलं होतं आणि हात धुऊन चहा प्यायला गेलो होतो. पण ज्या बाईने मला बाटली धरायला शिकवली, तिची ओळख करून दिल्याशिवाय या वेंधळेपणाची उंची तुमच्या लक्षात यायची नाही. तेव्हा आधी ती.

बाटली कपाटातून काढायची, खिडकीशी न्यायची, उजेडाकडे तिरकी धरायची, डावा डोळा मिटायचा आणि गप्प उभं राहायचं. ही तिची पद्धत. बाटली कानाला लावत नसे एवढंच, बाकी चेहरा ऐकणाऱ्या माणसाचा. आपण मागे उभं राहून विचारायचं, "काय बोलते, ताई?"

"अजून काय नाय. दोन उधानं जाऊंदे."

ती दिवाळे गावची, खाडीकाठची. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती. बाटली लावली त्या दिवशी खाडीचं पाणी जिथे असेल, तिथे ते दोन उधाणं करून परत आलं की महिना भरला, बाटलीची मुदत संपली. भिंतीवर घड्याळ होतं, कॅलेंडर होतं, बाटलीवर तारीखही ती नीट घालायची, पण हिशेब खिडकीतून दिसणाऱ्या खाडीशी. तिला एकदा तरी चुकीत पकडायची म्हणून मी तीन महिन्यांची कॅलेंडरं घेऊन बसलो. चूक सापडली. मी फेब्रुवारी तीस दिवसांचा धरला होता.

आमची प्रयोगशाळा बेलापूरला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळलेली असते, म्हणजे कॅन्सरची औषधं चालू असलेले, किडनी बदललेले, त्यांच्या फुफ्फुसात जी बुरशी शिरते तिचा अभ्यास आम्ही करतो. रुग्णालयांतून नमुने येतात. नाव नसतं, फक्त नंबर असतो. एका नमुन्याच्या दोन बाटल्या लावायच्या. बाटलीच्या आत बुरशीला आवडेल असा खाऊ गोठवलेला असतो. मग त्या उबदार कपाटात ठेवायच्या आणि वाट बघायची. जंतू दोन दिवसांत बोलून मोकळे होतात. बुरशी कधी आठवड्यात बोलते, कधी महिनाभर तोंड उघडत नाही. वाट बघणं हेच आमचं काम, आणि त्या कामावर मला घेतलं होतं. मी मायक्रोवेव्हमध्ये डबा ठेवला तरी दर दहा सेकंदांनी दार उघडून बघणारा माणूस आहे.

ती तिथली सगळ्यात जुनी टेक्निशियन. आमच्या प्रमुख मॅडम तिच्यानंतर आल्या. मॅडमशी ती स्वच्छ, पुस्तकी मराठीत बोलायची, अहवाल सुबक इंग्रजीत लिहायची, आणि माझ्याशी मात्र गावच्या बोलीत. हा बहुमान आहे असं मी बरेच दिवस समजत होतो. मग कळलं की ती खाडीवरच्या मांजरांशीही त्याच बोलीत बोलते.

माझी पीएच.डी. संपता संपत नव्हती, म्हणून मला ती "अर्धा डॉक्टर" म्हणायची. पहिल्याच महिन्यात मला सूक्ष्मदर्शकाखाली एक अद्भुत बुरशी दिसली. लांबलचक, पिळदार, निळसर धागे. कुठल्याच पुस्तकात नाही. मी फोटो काढले, मॅडमना निरोप पाठवला, आणि खरं सांगतो, तिला गावाकडच्या आजोबांचं नाव द्यावं की स्वतःचं, इथपर्यंत मनात पोचलो. ताई आली. एक डोळा मिटून तिने पाहिलं.

"अर्धा डॉक्टर, खिशातला रुमाल काढ बघू."

मी काढला. निळा होता.

"हीच ती. धुवायला टाक."

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. शेजारी खोदकाम निघालं की मातीतली बुरशी हवेत उठते, आणि नवी मुंबईत शेजारी खोदकाम नाही असा दिवस मी पाहिलेला नाही. म्हणून ज्या वॉर्डात असे नाजूक रुग्ण असतात, तिथे आम्ही खाऊ भरलेल्या बशा तासभर उघड्या ठेवतो. हवेत काय आहे ते बशीत पडतं आणि उगवतं. मी एका वॉर्डात बारा बशा ठेवल्या, आणल्या, आठवडाभर पाहिल्या. एकीतही काही उगवलं नाही. वॉर्डची हवा अत्यंत शुद्ध असल्याचा अहवाल मी आनंदाने टाइप केला. ताईने तो वाचला, मग मला विचारलं, "झाकनं काढली होतीस ना?"

मी विचारात पडलो.

"हवा शुद्धच हाय रे," ती म्हणाली. "झाकनाच्या आतली."

हे तिने मॅडमना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर स्वतः आली, बाराही झाकणं काढून माझ्या हातात दिली आणि तासभर बाकावर बसून राहिली. मी तीनदा उठलो, ती जागची हलली नाही. "मासा पन असाच गावतो," एवढंच म्हणाली.

तिचे दोन नियम होते. एक, नंबर कोणाचा ते विचारायचं नाही. "ओळख निंगाली की डोला खोटं बगतो." आणि दुसरा, एकाच बाटलीत काही उगवलं तर घाई करायची नाही. ते हवेतून पडलेलंही असू शकतं, रुग्णाच्या छातीतलंही. "एकीनं सांगितलं तर गावगप्पा. दुसरीनंपन तेच सांगितलं तर खरं. दुसरीला येल द्यायचा." वेळ द्यायचा. नमुने घेऊन येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती हे सांगायची. मी शेजारी उभा राहून मान डोलवायचो, जणू हे मीच तिला शिकवलंय.

साखर तिला पूर्वीपासून होती. तिच्यापायी किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस करून उरलेल्या दिवशी ती कामावर यायची, हातावरची पट्टी कोटाच्या बाहीखाली दडवून. नवरा गेल्यापासून ती माहेरी धाकट्या बहिणीकडे राहत होती. बहीण खाडीवर मासळी विकते. तिने आपली एक किडनी दिली. ऑपरेशन छान झालं. आम्ही पेढे खाल्ले. मी चार खाल्ले.

मग मॅडमनी ताईला समोर बसवून सांगितलं की आता तिला प्रयोगशाळेत पाऊल टाकता येणार नाही. हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. मला मात्र कळूनही पटेना, म्हणून तिने समजावलं. तसं समजावणं मी एवढ्या जाडजूड पुस्तकांत वाचलेलं नाही.

"बहिनीची किडनी म्हनजे घरात आलेली पावनी. आपला कुत्रा तिच्यावर भुंकनार, चावनार. म्हनून औषधं देऊन कुत्र्याला बांधून ठेवतात. जल्मभर. पावनी सुखात रहाते. पन कुत्रा बांधला म्हंजे चोरपन आत येतात. समजलं? तुज्या कपाटात सगले चोर ठेवलेत बाटलीत भरून. मी कशी येऊ आत?"

तरी ती यायची. मास्क लावून, महिन्यातून एकदा, जिन्याजवळच्या काचेबाहेर उभी राहायची. मी आतून बाटल्या काचेला लावून दाखवायचो. ती डोळा मिटून बघायची आणि बोटांनी खुणा करायची. एक बोट म्हणजे थांब. दोन बोटं म्हणजे अजून थांब. तिसरी खूण मी कधी पाहिली नाही.

काचेपलीकडे तरी तिला चोरांपासून लांब कुठे राहायला मिळालं? घरात खाडीची ओल, अंगणात सुकत घातलेली मासळी, गल्लीच्या तोंडाशी टॉवरचा खड्डा. बहिणीने घर चुन्याने रंगवलं, मासळी वाळवायची जागा लांब धक्क्यावर नेली. मी माझ्या खारघरच्या फ्लॅटमधून हवा स्वच्छ करायचं यंत्र तिला नेऊन दिलं. ते चालतच नव्हतं. मी प्लास्टिकचं वेष्टन न काढता वर्षभर वापरत होतो, हे तिनेच शोधून काढलं.

पुढच्या थंडीत तिला खोकला लागला. रुग्णालयात दाखल केल्याचं आम्हाला कळलं, तपासण्या चालू आहेत एवढंच. ते रुग्णालय वेगळं, पण नमुने आमच्याकडेच पाठवणारं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे तपासणीला समिती येणार होती. मॅडम म्हणाल्या, कपाटं जरा आवरून घ्या. आता मला आवरायला सांगणं म्हणजे काय ते तुम्ही ओळखलंच असेल. कपाटात दाटी होती. एका नमुन्याच्या पहिल्या बाटलीत राखाडी लव उगवली होती, उंदराच्या पाठीसारखी. दुसरी बाटली कोरी. सहावा दिवस. मी बाटली खिडकीशी नेली, तिरकी धरली, डोळासुद्धा मिटला. ताईची नक्कल मला उत्तम जमते. मग रजिस्टरमध्ये लिहिलं, "हवेतली. टाकली." दोन्ही बाटल्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेल्या. पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळी वाफेच्या भट्टीत. भट्टीतून निघालेल्या कचऱ्यात जिवंत असं काही उरत नाही, भट्टी त्यासाठीच असते.

समितीने कपाटाच्या टापटिपीचं कौतुक केलं. मॅडमनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी लाजलो.

त्याच दुपारी चारला फोन आला. ताई. नाकाला ऑक्सिजन, आवाज खोल गेलेला.

"अर्धा डॉक्टर. माझी बाटली काय बोलते?"

"तुमची कुठली, ताई?"

"मीच सांगितलं इथल्या डॉक्टरला, सँपल आमच्याच लॅबला पाठवा म्हनून. तिथं घाई करत नायत." मग तिने स्वतःच केलेला नियम स्वतः मोडला. कागदावरून एकेक आकडा वाचून तिने मला नंबर सांगितला.

मी रजिस्टर उघडलं. अक्षर माझं होतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. तीन सेकंद असतील, चार असतील. नळीतून तिचा श्वास ऐकू येत होता.

"आहे," मी म्हणालो. "बघतोय मी. एकीत थोडं काहीतरी वाटतंय. दुसरी अजून कोरी आहे."

"ठेव मंग," ती म्हणाली. "ठेव."

मी धावत भट्टीकडे गेलो. भट्टी उघडी होती, गार. पुढे मॅडमच्या खोलीत गेलो आणि सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रुग्णालयाला फोन लावला, झालेली चूक जशीच्या तशी सांगितली, दुसरा नमुना मागितला. मग मला म्हणाल्या, "रजिस्टरमध्ये काल लिहिलंय ते खोडू नका. खाली आजची तारीख घालून खरं लिहा."

दुसरा नमुना लगेच मिळण्यासारखा नव्हता. छातीत पुन्हा नळी घालण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. डॉक्टर थांबले, आम्ही थांबलो. तोवर तिला नेहमीचं औषध चालू होतं, अशा आजारात बहुतेकांना लागू पडणारं. आठवड्याने नमुना आला. या वेळी मी कपाटासमोर खुर्ची टाकून बसलो. मॅडम म्हणाल्या, तुमच्या बघण्याने ती लवकर उगवणार नाही. बसलो तरी. पाचव्या दिवशी एका बाटलीत उंदराची पाठ. सातव्या दिवशी दुसरीतही.

दोघी बोलल्या. ही बुरशी नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. तिचं औषध वेगळं. त्याच दुपारी ते सुरू झालं.

मी भेटायला गेलो. काचेपलीकडे ती, अलीकडे मी. या वेळी आत ती होती. मला सांगायचं होतं. फोनही तिच्या उशाशी होता, लावला असता तर उचलला असता. मी ठरवलं, आत्ता नको, जरा बरी होऊ दे, मग निवांत सांगू आणि शिव्या खाऊ. तिने मला पाहिलं. हात उचलला, सुईची टेप लावलेला, मुठीत नसलेली बाटली दिव्याकडे तिरकी धरली आणि डावा डोळा मिटला. मी हसलो. दोन बोटं दाखवली, थांबा म्हणून. तिने हात खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी ती गेली.

मी मॅडमना विचारलं, "आधी कळलं असतं तर?"

"कदाचित काही फरक पडला नसता," त्या म्हणाल्या.

"आणि कदाचित?"

"कदाचित पडला असता." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "हे दोन्ही तुम्हाला आता जवळ ठेवायचं आहे. माझ्याकडे तिसरं काही नाही."

या कामात असं काही शिल्लक राहतं का, असं लोक विचारतात. निदान इतरांचा तरी फायदा झाला असेल, असं. मी शोधून पाहिलं. अभ्यासात तिचा नंबर आहे. त्यापुढे मृत्यूची तारीख आहे. शेऱ्याच्या रकान्यात "पहिला नमुना वाया" असं मीच लिहिलंय. आता कपाटात बाटल्यांची दाटी झाली तरी एकही हलत नाही, आणि त्यातल्या बहुतेक महिना झाला तरी कोऱ्याच राहतात. नमुने येतच राहतात. नंबर वाढत जातात. खिडकीतून खाडी दिसते, भरती आली का ओहोटी ते मला अजून पटकन ओळखता येत नाही.

बहिणीला जाऊन सांगायला हवं होतं. मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. शेवटी एका सकाळी दिवाळ्याला गेलो. धक्क्याच्या कडेला जाळ्यावर जवळा सुकत घातला होता, कोळंबीसारखा पण बारीक, गुलाबी, हातभर रुंदीचा पट्टा दूरवर. ती उकिडवी बसून हाताने तो पसरत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो, नाव सांगितलं.

"वलखलं," ती म्हणाली. "अर्धा डॉक्टर. इतके दिस कुटं होतास?"

"दोन उधाणं जाऊ दिली," मी म्हणालो. मला वाटलं, तिला बरं वाटेल. काही लोकांना तोंड उघडण्याचा परवानाच असू नये.

ती पुन्हा जवळा पसरू लागली. मग मी सगळं सांगितलं. समिती, कपाट, सहावा दिवस, रजिस्टर, भट्टी. फोनवर खोटं बोललो तेही. तिचा हात जवळ्यावरून फिरत राहिला, एकदाही थांबला नाही.

"ठावं होतं तिला," शेवटी ती म्हणाली.

"काय?"

"तू टाकलीस ते. फोन ठेवला नि मना म्हनली, त्यानं बाटली टाकली."

"मी तर सांगितलं की आहे म्हणून."

"ते सांगायच्या आदी तू थांबलास. ती म्हनली, हा पोरगा प्रश्न पुरा व्हायच्या आदी उत्तर देतो. इतक्या वर्सांत पैल्यांदा थांबला." तिने मूठभर जवळा उचलला, वास घेतला, परत पसरला. "काचेच्या आतून तुला हातानं दावलं होतं ना, बाटली धरल्यावानी. वाट बघत होती, आता सांगशील म्हनून. तू काय केलंस?"

मी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. मी दोन बोटं दाखवली होती.

"रागावल्या होत्या का माझ्यावर?"

"ते मना नाय ठावं. घरी आली असती तर इचारलं असतं." ती कमरेवर हात ठेवून उठली, ज्या बाजूला टाके होते त्या बाजूला. "माजीपन एक किडनी जलली तिच्यासंग. मी कोनाला सांगू?"

मी तिथेच उभा राहिलो. वारा होता, ऊन चढत होतं. माझ्या हातात मॅडमनी दिलेली ताईची वस्तू होती, कोटाच्या खिशातलं तिचं पेन. ते मी पुढे केलं. तिने घेतलं, ओच्यात खोचलं आणि पुन्हा खाली बसली. मी अजूनही उभाच. अजून काहीतरी बोलेल, शिव्या घालेल, रडेल, असं वाटून मी वाट बघत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला कसलीही घाई नव्हती.

तिने मान वर केली.

"आता कशाला थांबलास? सरक बाजूला. जवल्यावर सावली पडते तुजी. बुरशी धरंल."